काकांच्या गोठ्यातल्या तीन म्हाताऱ्या

मुलांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक जागा आहे. त्या जागेत तीन मोटारी, एक स्कूटर, धान्याची दोन पिंपं, एक बंद पडलेला फ्रीज, एक भलंमोठं लाकडी टेबल आणि माझे काका एवढं सगळं मावतं. कसं?

उत्तर सोपं आहे. काकांना पोट नाही म्हणून!

हे मी थट्टेनं म्हणत नाही बरं का. त्या जागेत गाड्यांच्या मधून जायचं तर अंग चोरून, श्वास आत ओढून, खेकड्यासारखं आडवंच चालावं लागतं. काकांना त्याची पन्नास वर्षांची सवय आहे. मी मात्र दर वेळी शर्टाची दोन बटणं तोडून घेतो.

ही जागा म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या जुन्या घराचा गोठा. एके काळी इथं दोन म्हशी बांधलेल्या असायच्या. म्हशी गेल्या आणि त्यांच्या जागी गाड्या आल्या. घरात आजही कुणी 'गॅरेज' म्हणत नाही. "काका कुठायत?" असं विचारलं की काकू म्हणतात, "गोठ्यात. म्हाताऱ्यांची सेवा चाललीय."

तर आज आपण या तीन म्हाताऱ्यांना भेटू.

ओळख करून घेऊ

सगळ्यात थोरली आहे 'डुक्कर'. हसू नका! हे नाव आमच्या घरचं नाही, सगळ्या महाराष्ट्राचं आहे. १९५० च्या दशकात आपल्याकडे फियाट ११०० ही इटलीच्या बनावटीची गाडी आली. तिचं नाक गोलमटोल आणि पुढं आलेलं. लोकांनी तिला लाडानं 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. तिची आणखी एक गंमत आहे. आपल्या नेहमीच्या गाड्यांचा पुढचा दरवाजा जसा उघडतो, त्याच्या बरोबर उलट तिचा उघडतो. बिजागरी मागच्या बाजूला असते. कपाटाचं दार उलटं बसवल्यासारखं वाटतं. १९८१ साली ही गाडी मोडीत निघाली होती. काका तेव्हा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथ मशीन चालवायचे. त्यांनी दोन महिन्यांचा पगार देऊन ती घरी आणली. आजोबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत म्हणे.

दुसरी आजोबांची 'हेराल्ड'. १९६५ सालची, दोनच दरवाज्यांची. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्ड या गाडीवरून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१ पासून ही गाडी आपल्याकडे बनवायला घेतली. मूळ गाडीचा आराखडा जोव्हानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन चित्रकाराचा. चित्रकार म्हणजे मोटारींची रूपं काढणारा चित्रकार. हेराल्डचं बॉनेट उघडलं की बघणारा आ वासतो. नुसतं झाकण वर होत नाही. दोन्ही मडगार्डं, दिवे, सगळा पुढचा भाग मगरीच्या जबड्यासारखा पुढच्या बाजूला कलतो. मग मेस्त्री चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकतो. आजोबा गुळाचे अडते होते. गाडीच्या डिकीत कायम गुळाचे नमुने. त्यामुळे आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी डिकी उघडली की गुळाचा वास यायचा.

तिसरी आणि धाकटी 'पद्मिनी'. माझ्या बाबांची, १९८४ सालची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तिथंच फियाट गाड्या बनायच्या. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि गाडीची वर्षानुवर्षं वाट बघायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो छापून आले होते. मी जन्मलो तेव्हा दवाखान्यातून घरी आलो तो आमच्या पद्मिनीतूनच. म्हणजे नात्यानं ती माझी थोरली बहीण लागते!

कोल्हापूरकरांना जुन्या गाडीचं वेड नवं नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक ही जर्मन गाडी १९३० च्या दशकातली. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती बाहेर निघते तेव्हा सारं गाव बघायला लोटतं. पण राजवाड्यातली गाडी वेगळी आणि गोठ्यातली गाडी वेगळी. गोठ्यातल्या गाडीला नोकरचाकर नसतात.

मावतं कसं?

आता जरा गणित करू. वही-पेन्सिल घ्या.

पद्मिनीची लांबी ३ मीटर ९३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पावणेतेरा फुटांहून थोडी जास्त. डुक्करची साडेबारा फुटांना जरा कमी. एकीमागे एक उभ्या केल्या तर सव्वापंचवीस फूट झाले. तीस फुटांतून पावणेपाच फूट उरले.

रुंदी बघा. डुक्कर चार फूट साडेनऊ इंच, हेराल्ड पाच फूट. शेजारी-शेजारी ठेवल्या की बारा फुटांतले फक्त दोन फूट अडीच इंच शिल्लक. त्यातच दोन्ही भिंतींजवळची फट आणि मधली वाट. दरवाजा तरी उघडायचा कसा?

म्हणून डावीकडे मागं डुक्कर, पुढं पद्मिनी. उजवीकडे मागं हेराल्ड. तिच्या पुढं काकूंची पिंपं, फ्रीज, काकांचं कामाचं टेबल आणि दाराशी बजाजची चेतक स्कूटर. पद्मिनीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा टेबलाला अडतो, पण काकांचं काही अडत नाही. तिची पुढची सीट बाकासारखी सलग असते आणि गिअरचा दांडा जमिनीत नसून स्टिअरिंगजवळ असतो. काका डावीकडच्या दारातून शिरतात आणि बाकावरून सरकत सरकत चाकामागं जातात. शाळेतल्या शेवटच्या बाकावर तुम्ही सरकता ना, अगदी तसे!

पण डुक्कर बाहेर काढायची तर आधी पद्मिनी काढायला हवी. हेराल्ड काढायची तर स्कूटर, टेबल, फ्रीज आणि पिंपं हलवायला हवीत. गर्दीचा हा नियम लक्षात ठेवा. पुढं तो आम्हाला फार महागात पडला.

म्हाताऱ्यांचे चार शत्रू

जुनी गाडी पळून खराब होत नाही, उभी राहून खराब होते. काका हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणतात. ते म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचंही तसंच आहे. म्हणून ते स्वतः रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात आणि दर रविवारी एकेका गाडीला फिरवून आणतात.

पहिला शत्रू दमट हवा. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर ती सुरक्षित राहील असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. आतली ओल आतच कोंडते आणि गाडीला घाम फुटतो. काका सुती कापडच टाकतात आणि उघडीप मिळाली की दारं-काचा उघडून गाड्यांना वारा देतात.

दुसरा शत्रू उंदीर. त्याला सीटमधला काथ्या आवडतो आणि वायरींवर तर त्याचा फारच जीव. एका उंदरानं एकदा डुक्करच्या हॉर्नची वायर अशी कुरतडली, की काकांनी डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा!

तिसरा शत्रू बॅटरीचा आळस. गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. गाडी उभी असली तरी बॅटरी हळूहळू उतरत जाते. पूर्ण उतरली आणि तशीच राहिली तर पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती कायमची जाते. म्हणून दीर्घ काळ उभ्या गाडीची वायर काढून ठेवतात.

चौथा शत्रू शिळं पेट्रोल. या गाड्यांत कार्ब्युरेटर असतो. अत्तराचा फवारा मारायची बाटली पाहिलीय ना? हवा जोरात गेली की तिच्याबरोबर अत्तराचे कण उडतात. कार्ब्युरेटर हेच करतो. हवेच्या झोताबरोबर पेट्रोलचे कण इंजिनात पाठवतो. त्यातली भोकं सुईच्या अग्राएवढी बारीक असतात. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं की मागं चिकट राळ उरते आणि भोकं बुजतात. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल म्हणजे आपल्याच उसापासूनही बनणारं मद्यार्क. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या काळच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. काकांनी तिन्ही गाड्यांच्या नळ्या बदलून टाकल्या. त्याआधी, १ फेब्रुवारी २००० पासून देशात सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल सुरू झालं, तेव्हाही त्यांनी इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या बसवून घेतल्या होत्या. शिसं आपल्या मेंदूला घातक, म्हणून ते गेलं हे चांगलंच झालं. पण जुन्या इंजिनांना त्याचीच सवय होती ना!

माझ्या दोन चुका

आता मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. वर्गात मी मुलांना सांगतो, चूक झाली तर लपवू नका. मग मलाही लपवून चालणार नाही.

जून २०१९. मला नोकरी लागून काही वर्षं झाली होती. काकांनी पहिल्यांदाच हेराल्डची किल्ली माझ्या हातात दिली. "रंकाळ्याला एक फेरी मारून आण," म्हणाले. मी ऐटीत गेलो आणि ऐटीत आलो. काका नेमके कुठंतरी बाहेर गेले होते. गाडी गोठ्यात घालताना त्यांची पद्धत अशी, की मागं बघत बघत उलटी घालायची, म्हणजे तोंड दाराकडे राहतं. मला उलटी घालायची भीती वाटली. मी सरळ घातली, नाक भिंतीला लावून. ही पहिली चूक.

आणि उतरताना हँडब्रेक खसकन ओढला. ही दुसरी.

हँडब्रेक ओढण्यात काय चूक, असं तुम्हाला वाटेल. रस्त्यावर तो ओढायलाच हवा. पण पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक काका कधीच ओढत नाहीत. चाकाखाली लाकडी ठोकळा लावतात. कारण ब्रेकच्या पट्ट्या चाकातल्या लोखंडी ड्रमला घट्ट टेकलेल्या राहिल्या, की दमट हवेत त्या गंजानं ड्रमलाच चिकटून बसतात.

काकांनी मला हे दहा वेळा सांगितलं होतं. मी दहा वेळा "हो, हो" म्हटलं होतं.

पाणी आलं

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा कोल्हापूर आणि सांगलीची माणसं कधी विसरणार नाहीत. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. आमचं घर नदीच्या बाजूच्या पेठेत. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा संध्याकाळ होती, लाईट गेली होती आणि पाऊस थांबत नव्हता.

आधी आजी, काकू आणि लहान मुलं उंच भागातल्या आत्याकडे गेली. मग धान्य हलवलं. चेतक निघाली. पद्मिनी एका झटक्यात सुरू झाली. शहाणी पोर! तिच्यामागून डुक्कर. ती सुरू होईना, पण गल्लीतल्या पोरांनी धक्का दिला आणि उतारावर तिनं गुरगुरून साद दिली. टेबल, फ्रीज ढकलून हेराल्डला वाट केली तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं.

हेराल्ड हलेना. आम्ही आठ जण होतो. दोरी बांधून ओढली. मागची दोन्ही चाकं जमिनीला खिळल्यासारखी घट्ट! फरफटत जेमतेम उंबऱ्यापर्यंत आली, पण न फिरणारं चाक उंबरा कसा चढणार? नाक भिंतीकडे असल्यामुळे तोपर्यंत बॉनेट उघडायला जागाच नव्हती, म्हणून बॅटरीही आधी काढता आली नव्हती. काका टॉर्चच्या उजेडात आडवे झाले आणि हातोड्यानं ड्रम ठोकू लागले. ठोकला की चिकटलेल्या पट्ट्या कधी कधी सुटतात. एक चाक सुटलं. दुसरं सुटेना. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं, पोटरीवरून गुडघ्याला लागलं.

काका उठले. हातोडा कमरेला खोचला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माणसं भाहीर पडा."

मी म्हटलं, "काका, अजून पाच मिनिटं..."

"पाच मिनिटांत गाडी मिळंल, पोरगं गेलं तर मिळंल व्हय? चल!"

आम्ही निघालो. कोपऱ्यावरून मी मागं वळून पाहिलं. काकांनी पाहिलं नाही.

बुडालेली गाडी

आठवड्यानं पाणी ओसरलं. हेराल्ड स्टिअरिंगपर्यंत चिखलात होती. सीटवर एक बेडूक मालकासारखा बसला होता. डिकी उघडली. गुळाचा वास गेला होता. तिथं नुसता नदीच्या गाळाचा वास.

मोडीवाला दुसऱ्याच दिवशी आला. किलोवर भाव सांगितला. घराच्या भिंतींना ओल, भांडी-कपडे उन्हात, पैशांची ओढाताण. अशा वेळी कुणीही म्हणालं असतं, देऊन टाका. काकांनी त्याला चहा पाजला आणि "आठ दिसांनी या" म्हणाले.

त्या रात्री मला राहवलं नाही. मी काकांजवळ गेलो. "काका, हँडब्रेक मी ओढला होता."

"ठावं हाय मला," काका म्हणाले. "आडवा झालो तवाच दोरी ताणलेली दिसली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"पाणी काय तू आणलंस व्हय?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पर आता हात लावायचा. उद्यापास्नं. मोडीवाल्याला न्हाई म्हणून सांग जा."

मुलांनो, माफी मागणं सोपं असतं. "आता हात लावायचा" हे अवघड. ते काम सव्वादोन वर्षं चाललं.

पहिला नियम काकांनी सांगितला, पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. का, ते तुम्ही घरीच करून पाहू शकता. सुई नसलेली प्लॅस्टिकची नवी सिरिंज घ्या. आत हवा भरा, तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या दाबा. हवा दबते, दट्ट्या आत जातो. आता सिरिंजमध्ये पाणी भरा आणि तसंच दाबा. दट्ट्या हलत नाही! पाणी दाबलं जात नाही. इंजिनाच्या सिलिंडरातही असाच दट्ट्या वर-खाली होतो. आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, मग दट्ट्याचा लोखंडी दांडाच वाकतो. म्हणून आधी स्पार्क प्लग काढायचे, पाणी बाहेर काढायचं, आत तेल सोडायचं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवायचं.

मग तेल, पेट्रोल, ब्रेकचं तेल सगळं काढून टाकलं. सीटा काढल्या. स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, कारण सुकलेला गाळ सिमेंटसारखा बसतो. वायरिंग नवं केलं. हेराल्डची एक गोष्ट आमच्या मदतीला आली. पद्मिनी आणि डुक्करमध्ये सांगाडा आणि बॉडी एकजीव असतात. हेराल्डचा लोखंडी सांगाडा वेगळा आणि बॉडी त्याच्यावर बोल्टांनी बसवलेली. बॉडी सुटी करून सांगाडा उलटा-पालटा केला, सडलेले तुकडे कापले आणि नवे वेल्डिंग करून बसवले.

सुटे भाग हा मोठाच प्रश्न. ही गाडी बनायची बंद होऊन पन्नास वर्षं होत आली. पण कोल्हापूर म्हणजे ओतकाम आणि लेथचं गाव. काकांचे जुने सोबती कामाला लागले. जुना भाग नमुन्याला दिला की उद्यमनगरात तसाच नवा कातून मिळायचा. काही वस्तूंसाठी मी मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हिंडलो. ब्रेकच्या पट्ट्या मात्र काकांनी माझ्याकडूनच बसवून घेतल्या. चारही चाकांच्या. तीन वेळा उलगडायला लावल्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सकाळी मी फोनवरून मुलांना शिकवायचो आणि दुपारी गोठ्यात काम करायचो. वर सांगितलेला सिरिंजचा प्रयोग मी तिथूनच मुलांना दाखवला होता. एका मुलीनं विचारलं, "सर, नवी गाडी घेतली असती तर कमी खर्च आला नसता का?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "तिला सांग, वापरलेली जुनी गाडी मिळाली असती एवढ्यात. पर आपल्या आजोबांची न्हवती मिळाली."

पुन्हा पाणी

जुलै २०२१. हेराल्डचं इंजिन अजून टेबलावरच होतं. आणि पंचगंगा पुन्हा चढली. या वेळी पाणी २०१९ लाही मागं टाकणार अशी बातमी होती, आणि झालंही तसंच.

पण या वेळी गोठा वेगळा होता. २०१९ नंतर काकांनी भिंतीवर खडूनं एक यादी लिहून ठेवली होती. पिंपं आणि फ्रीज कायमचे घरात वरच्या खोलीत. टेबलाला चाकं. तिन्ही गाड्यांची तोंडं दाराकडे. हँडब्रेक मोकळा, चाकाखाली ठोकळा. उंबऱ्यावर लाकडी फळीचा उतार. किल्ल्या दारामागच्या खिळ्याला, नावं लिहून. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कवायत. घड्याळ लावून सगळं बाहेर काढायचं आणि परत आत घालायचं. गल्लीतली पोरं आमच्याकडे बघून हसायची.

पाणी ४३ फुटांकडे सरकू लागलं तेव्हा आम्ही कुणाची वाट पाहिली नाही. दुपारच्या उजेडातच चेतक, पद्मिनी, डुक्कर निघाल्या. हेराल्डला इंजिनच नव्हतं, पण चारही चाकं लोण्यासारखी फिरत होती. चौघांनी ढकलली आणि ती फळीवरून अलगद बाहेर आली. सगळं मिळून एकोणीस मिनिटं लागली. हसणारी पोरंच ढकलायला पुढं होती!

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास, हेराल्ड सुरू झाली. पहिल्यांदा शिंकली, मग खोकली, मग धूर सोडत चालू राहिली. काकू पंचपाळं घेऊन आल्या. काकांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "रंकाळ्याला एक फेरी मारून आण."

मी फेरी मारून आलो. गाडी उलटी घातली. ठोकळा लावला. हँडब्रेकला हात लावला नाही. काका दारात उभे होते, पण एक शब्द बोलले नाहीत.

जाता जाता

पालकांनो, हे वाचून मुलं एखादी जुनी गाडी घ्या म्हणून हट्ट धरतील! म्हणून दोन गोष्टी सांगतो. या गाड्या रोज वापरायच्या नाहीत. आजच्या गाड्यांपेक्षा त्या जास्त धूर सोडतात आणि त्यांत आजच्यासारखी सुरक्षितताही नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीच्या नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो आणि ती प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो.

आणि दुसरी गोष्ट, आपल्या हातांना जेवढं जमतं तेवढंच सांभाळावं. परवा एक गृहस्थ काकांना अँबॅसडर फुकट द्यायला आले होते. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काका म्हणाले, "नगं. तीन हायत तर तिघींकडं बघायला होतंय. चौथी आणली तर चारी गंजतील."

मुलांनो, तुम्ही एक करा. आज घरी आजी-आजोबांना विचारा, आपल्या घरातलं पहिलं वाहन कोणतं होतं? सायकल, लुना, स्कूटर, बैलगाडी, काहीही असेल. त्याचा रंग कसा होता, त्यावरून पहिल्यांदा कुठं गेलात, ते शेवटी कुठं गेलं, सगळं लिहून काढा. नंबर असेल तर तोही विचारा. चष्मा कुठं ठेवला हे आठवणार नाही, पण तो नंबर त्यांना पाठ असेल. पैज!

आमच्या हेराल्डच्या डिकीत गुळाचा वास मात्र परत आला नाही. काकूंनी तिथं फडक्यात बांधून गुळाची एक छोटी ढेप ठेवून पाहिली. चार दिवसांत तिला मुंग्या लागल्या.

काकांनी वहीत नवीन ओळ लिहिली. शत्रू नंबर पाच.